आँ प्वँत: पायाच्या टोकावर उभं राहणं म्हणजे नेमकं काय?

(हे आपल्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारं 'म्हणजे', 'आपलं ते' बरंचसं काढलंय. बाकी जसं बोललो तसंच आहे.)

मेट्रोत असाल, मिहानच्या बसमध्ये असाल, नाहीतर रात्री भांडी घासता घासता ऐकत असाल, तुमचं स्वागत. आजचा विषय जरा वेगळा आहे. मी कोड लिहिणारा माणूस, आणि आज बोलणार आहे बॅलेबद्दल. त्यातही फक्त एका शब्दाबद्दल. हे कसं झालं ते आधी सांगतो, कारण त्यात माझी चूक आहे.

माझी भाची नऊ वर्षांची. चौथीत आहे, भरतनाट्यमच्या क्लासला जाते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती आणि माझ्या फोनवर तिला एक रील दिसली. गुलाबी सॅटिनचे बूट घातलेली मुलगी, पायाच्या अगदी टोकावर उभी, स्वतःभोवती गरागरा फिरतेय. भाची म्हणाली, "मामा, मला असे शूज पाहिजे." आता मामा म्हटल्यावर काय, लगेच ॲप उघडलं, 'बॅले शूज' असं टाकलं, फोटो तसाच दिसला, साइज निवडली, ऑर्डर. खाली लिहिलेलं होतं, मुलींसाठी, सर्व वयोगट. मला वाटलं, झालं काम.

चौथ्या दिवशी पार्सल आलं. तिने रिबिनी कशाबशा बांधल्या, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरलं, वर गेली. दोन सेकंद खरंच उभी राहिली! मी व्हिडिओ काढतोय. मग तिने ओटा सोडला. घोटा बाहेरच्या बाजूला वळला आणि ती फरशीवर आदळली.

हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पण घोटा टम्म सुजला, दोन आठवडे क्लास बंद. माझी आई, म्हणजे तिची आजी, आतून ओरडत आली, "कायले आणलं हे? पोट्टीचा पाय मोडून ठेवशीन तू एखाद दिवशी!" आणि हाडांच्या डॉक्टरांनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि मला विचारलं, "तुम्ही इंजिनिअर ना? वापरायच्या आधी मॅन्युअल वाचत नाही का?"

तर हा भाग म्हणजे ते मॅन्युअल. उशिरा वाचलेलं.

सुरुवात शब्दापासून. या प्रकाराला जगभर म्हणतात 'आँ प्वँत'. फ्रेंच शब्द आहे. इंग्रजी बोलणारे त्याला 'ऑन पॉइंट' किंवा 'ऑन प्वँत' असंही म्हणतात. फ्रेंच लोक स्वतः बहुतेक वेळा 'स्युर ले प्वँत' म्हणतात, म्हणजे 'टोकांवर'. फ्रेंचमध्ये दोन जुळे शब्द आहेत. एक 'प्वँ', ज्यात शेवटचा त उच्चारत नाहीत. त्याचा अर्थ बिंदू, ठिपका, मुद्दा. दुसरा 'प्वँत', ज्यात त ऐकू येतो. त्याचा अर्थ टोक, अणकुचीदार शेवट. सुईचं टोक असतं ना, ते. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या टोचणे या अर्थाच्या क्रियापदापासून आले. त्यामुळे बॅलेतला शब्द 'पॉइंट'वाला नाही, 'टोक'वाला आहे. आणि आपण इन्स्टावर कुणाचा मेकअप 'ऑन पॉइंट' आहे म्हणतो, त्याला बॅलेशी जोडू नका. मूळ लॅटिन घराणं एक, पण कामं वेगवेगळी.

बरं, बॅलेचे सगळेच शब्द फ्रेंच का? कारण चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची राजेशाही अकादमी काढली आणि तिथे या कलेचे नियम आणि नावं ठरत गेली. राजा स्वतः नाचायचा. आपल्याकडे कथ्थक शिकणारा कुठल्याही देशाचा असो, तोडा, तिहाई हेच शब्द वापरतो, तसंच हे. मॉस्को असो, टोकियो असो, मुंबई असो, गुडघे वाकवणं म्हणजे 'प्लिए' आणि वर उचलणं म्हणजे 'रेलेव्हे'.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. आपल्या मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे, जो शहरातले आपण विसरत चाललोय. चवडा. पावलाचा पुढचा भाग, बोटांच्या मुळाशी असलेली ती गादी. टाच उचलून उभं राहिलो की आपण चवड्यावर येतो. फळीवरचा डबा काढताना, मॅच बघायला गर्दीत मान उंच करताना, आपण सगळे चवड्यावर असतो. बॅलेत याला 'दमी प्वँत' म्हणतात, म्हणजे अर्धं टोक. आँ प्वँत म्हणजे त्याच्या पुढची पायरी. चवडाही जमिनीवरून उचलायचा, बोटं सरळ खाली, आणि सगळं शरीर बोटांच्या अग्रांवर. चवड्यावर तुम्ही-आम्ही कुणीही उभे राहू शकतो. अग्रावर राहायला वर्षं लागतात. रील पाहताना हा फरक मला दिसलाच नव्हता.

आपल्या नृत्यातही टाच उचलणं आहेच. नाट्यशास्त्रात पावलांचे जे प्रकार सांगितलेत, त्यात 'अग्रतलसंचर' नावाचा एक आहे. टाच वर, अंगठा पुढे, बाकीची बोटं वळलेली. भाचीच्या क्लासमध्ये 'कुदित्तु मेट्टु' नावाचे अडवू शिकवतात. आधी चवड्यांवर उडी, मग टाचा जमिनीवर आपटायच्या. म्हणजे चवडा आहे, पण लगेच खाली येणं आहे. आपलं बहुतेक नृत्य जमिनीशी बोलतं. तत्कार घ्या, लावणी घ्या, घुंगरू वाजायचे तर पाय आपटलाच पाहिजे. बॅलेचं उलटं आहे. त्याला जमीन नाकारायची आहे. हे का, ते पुढे येईल.

आधी बूट. माझी समजूत होती की टोकाला आत लाकूड असणार, किंवा पत्रा. तुमच्यापैकी पुष्कळांची असेल. तसं काही नसतं. पारंपरिक बुटाच्या टोकाला कापड, कागद आणि खळीचे थर एकावर एक चिकटवून वाळवलेला एक कडक डबा असतो. इंग्रजीत त्याला 'बॉक्स'च म्हणतात. लहानपणी कागदाचा लगदा वापरून मुखवटे केलेत ना, बरंचसं तसंच. तळव्याखाली चामड्याची किंवा पुठ्ठ्याची कडक पट्टी, वरून सॅटिन. डब्याचं पुढचं टोक थोडं सपाट केलेलं. तेवढ्यावर उभं राहायचं. घाम आणि वापर यांनी खळ मऊ पडते आणि बूट 'मरतो'. मोठ्या कंपन्यांतल्या नर्तिका एका प्रयोगात एक जोडी संपवतात, कधी त्याहून जास्त. नवीन बूट आला की त्या तो जिन्यावर आपटतात, वाकवतात, टोकाला दोऱ्याने रफू करतात, म्हणजे घसरत नाही आणि आवाजही कमी होतो. रिबिनी आणि इलॅस्टिक स्वतः शिवतात. अलीकडे प्लास्टिकसारख्या लवचीक पदार्थांचेही बूट मिळतात, ते जास्त टिकतात.

आता जरा आपल्या बीटेकच्या पहिल्या वर्षाचं गणित. समजा, तीस किलोची मुलगी दोन्ही पाय टेकवून उभी आहे आणि जमिनीला टेकलेला भाग दोन्ही मिळून १२० चौरस सेंटीमीटर आहे. दर चौरस सेंटीमीटरला पाव किलो. आता ती एका पायाच्या टोकावर गेली आणि टोक आहे आठ चौरस सेंटीमीटर. पावणेचार किलो. पंधरा पट! आणि दाब ही अर्धीच गोष्ट. शरीराचा गुरुत्वमध्य त्या तेवढ्याशा टोकाच्या बरोबर वर राहिला पाहिजे. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे गेलं की तुम्ही पडायला लागता, आणि ते सावरायचं काम घोट्याभोवतीचे स्नायू करतात. हे आकडे समजायला घेतलेत, प्रत्येक पायाचे वेगळे असतील, पण अंदाज येतो.

मग बोटं तुटत कशी नाहीत? कारण बरोबर मापाच्या बुटात सगळा भार बोटांच्या शेंड्यांवर येतच नाही. डबा बोटांना चहूबाजूंनी घट्ट धरतो, तळव्याखालची पट्टी कमानीला आधार देते, आणि उरलेलं काम पाय, मांड्या, पोट, पाठ करतात. नर्तिका बुटात 'बसत' नाही, स्वतःला त्यातून वर ओढून धरते. माप चुकलं किंवा स्नायू कच्चे असले, की ती खाली बसते, आणि सगळा भार तिथे येतो जिथे यायला नको. मी माप कसं घेतलं होतं? तिच्या शाळेच्या बुटाचा नंबर टाकला होता.

आता, हे करायचं कुणाला सुचलं? एक तारीख सगळीकडे सापडते: १२ मार्च १८३२, पॅरिस ऑपेरा, 'ला सिल्फीद' नावाचा बॅले, नर्तिका मारी तालिओनी. पण ती पहिली नव्हती. तिच्या आधी शार्ल दिदलो नावाच्या माणसाने १७९६ साली लंडनमध्ये नर्तकांना तारांनी उचलायची युक्ती केली होती. तारेवर लटकलेली नर्तिका उडायच्या आधी किंवा उतरताना क्षणभर पायाच्या टोकावर टेकलेली दिसायची, आणि लोक वेडे व्हायचे. मग काही नर्तिकांनी तारेशिवाय तसं उभं राहायला सुरुवात केली. इटलीची अमालिया ब्रुन्योली त्यांतली एक. तालिओनीने तिला व्हिएन्नात पाहिलं होतं. ब्रुन्योली टोकावर जायची, पण त्यासाठी हात जोरात झटकून वर घ्यायची. कसरत दिसायची.

तालिओनीने केलं काय, तर कसरत लपवली. तिचे वडील फिलिप्पो तिचे गुरू. ते तिच्याकडून दिवसाला सहा-सहा तास मेहनत करून घ्यायचे. 'ला सिल्फीद'मध्ये ती वाऱ्याची परी आहे, एक स्कॉटिश तरुण लग्न सोडून तिच्या मागे जातो, आणि तो तिला पकडू पाहतो तेव्हा ती मरते. गोष्टीत ही परी माणूस नाही, तिला वजन नाही. मग तिने जमिनीवर चालायचं कसं? टोकावर! म्हणजे प्वँत हा इथे नुसता करतब राहिला नाही, गोष्टीतला अर्थ झाला. जमीन नाकारायची म्हणालो ना मघाशी, ते हे. आणि तिच्या बुटात डबा वगैरे काही नव्हतं. साधी सॅटिनची मऊ चप्पल, टोकाला आणि कडेला रफू केलेली. बाकी सगळं पाय. रशियात तिचे एवढे भक्त होते की तिच्या बुटांची जोडी विकत घेऊन, शिजवून, सॉस लावून खाल्ल्याची आख्यायिका आहे. आपल्याकडे हिरोच्या कटआउटला दूध घालतात, त्यापुढे हे लोक दोन पावलं होते.

कडक डबा नंतर आला, इटलीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन नर्तिका तसे बूट घालून रशियात गेल्या आणि टोकावर अवघड गिरक्या घेऊ लागल्या. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एका पायावर बत्तीस सलग गिरक्या घेतल्या. त्या बत्तीस आजही मोजल्या जातात, प्रेक्षक अक्षरशः मोजतात.

आणि मग येते आना पावलोवा. इथून गोष्ट आपल्याकडे वळते. पावलोवाच्या पायाची कमान फार उंच होती आणि अंगठा नाजूक. तिने बुटात चामड्याचा कडक तळ घातला, टोक कडक केलं. तेव्हाच्या काहींना ही चीटिंग वाटली. आज तेच नॉर्मल आहे. तर ही पावलोवा १९२२-२३ च्या आशिया दौऱ्यात भारतात आली होती. १९२३ साली लंडनमध्ये तिने एक बॅले केला, त्याचं नाव काय असावं? 'अजंठ्याची भित्तिचित्रं'! संगीत अलेक्झांडर चेरेपनिनचं. म्हणजे आपण शाळेच्या सहलीला जातो, गाइडचं ऐकत नाही आणि बाहेर भेळ खातो, त्या लेण्यांवर रशियन बाईने बॅले केला. त्याच वर्षी तिने राधा-कृष्णावर एक नृत्य केलं. त्यात ती राधा होती आणि कृष्ण होता उदय शंकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून लंडनला गेलेला मुलगा.

पावलोवाने भारतीयांना प्वँत शिकवण्यापेक्षा स्वतःच्या कलेकडे बघायला सांगितलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्या कंपनीतल्या क्लिओ नॉर्डीकडे बॅले शिकल्या, आणि नंतर भरतनाट्यमकडे वळल्या. मुंबईत लीला सोखी यांनाही पावलोवाने प्रोत्साहन दिलं. याच 'मादाम मेनका'. यजमान हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक, आणि बाई कथ्थक नाचायच्या, तेही अशा काळात जेव्हा 'चांगल्या घरच्या' बाईने रंगमंचावर नाचणं लोकांना खपत नव्हतं. त्यांनी कथ्थकवर आधारलेली नृत्यनाट्यं बसवली, १९३६ साली मंडळी घेऊन बर्लिनपर्यंत गेल्या, पुढे खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. त्यांच्या मंडळीत मुंबईची एक लहान मुलगी होती, दमयंती जोशी. पुढे ती कथ्थकमधलं मोठं नाव झाली.

गंमत अशी की मेनका आपल्या नृत्यनाट्यांना 'बॅले'च म्हणायच्या. १९५२ साली मुंबईत शांती बर्धन यांनी 'लिटल बॅले ट्रूप' काढला. नंतर सचिन शंकर यांचं 'बॅले युनिट' मुंबईतच. या कशातही प्वँत नव्हतं! आपल्याकडे बॅले म्हणजे संगीतावर नाचून सांगितलेली गोष्ट, असाच अर्थ रुळला. माझ्या आईला बॅले म्हटल्यावर गॅदरिंगमधलं रामायण आठवतं आणि मला वाटायचं आई चुकतेय. आई चुकत नव्हती. तिचा बॅले वेगळ्या रस्त्याने आला होता.

टोकावरचा बॅलेही मुंबईत शिकवला जातो, आणि 'ये बॅले' हा २०२० चा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सूनी तारापोरवाला यांचा. मनीष चौहान आणि अमीरुद्दीन शाह या मुंबईतल्या साध्या घरांतल्या दोन मुलांच्या आणि त्यांचे गुरू येहुदा माओर यांच्या खऱ्या गोष्टीवर बेतलेला. मनीषने त्यात स्वतः काम केलंय, आणि अमीरुद्दीन लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. पुन्हा बघाल तेव्हा पायांकडे बघा. उड्या आहेत, गिरक्या आहेत, पण मुलं चवड्यावर आहेत. परंपरेने प्वँत बायकांचं. अपवाद आहेत. न्यूयॉर्कची 'ट्रॉकाडेरो' ही पुरुषांची मंडळी १९७४ पासून टोकावर नाचून हसवते. आणि जॉर्जिया देशात तर लोकनृत्यात पुरुष मऊ चामड्याच्या बुटात, डब्याशिवाय, बोटं मुडपून टोकावर नाचतात. त्याचा व्हिडिओ पाहून माझे तर स्वतःचेच पाय दुखले.

आता मूळ मुद्दा, घोट्याचा. मुलींनी प्वँत केव्हा सुरू करावं? नर्तकांच्या आरोग्यावर काम करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या मार्गदर्शनात पहिलंच वाक्य, बाराव्या वर्षाच्या आधी नाही. पण बारावा वाढदिवस झाला की लगेच बूट घाला, असंही नाही. त्या आधी आठवड्याला निदान दोन वर्ग, अशी काही वर्षांची तयारी हवी. लोक म्हणतात की लहानपणी केलं तर हाडं वाकडी होतात. पावलाची हाडं पक्की व्हायला वेळ लागतो हे खरंच. पण शिक्षकांची मोठी काळजी ताकद आणि ताबा यांची असते. हे दोन्ही नसेल तर पंधराव्या वर्षीही नको.

ते तपासतात कसं? पाय लांब करून बसायचं, पाऊल पुढे ताणायचं, आणि नडगीवरून पावलावर उभी पेन्सिल ठेवायची. हाडाला न अडता सपाट बसली तर घोटा पुरेसा वळतो. मग एका पायावर, काही न धरता, पुन्हा पुन्हा चवड्यावर जाऊन सावकाश खाली. घोटा लडबडला की अजून वेळ आहे. शेवटचा निर्णय समोर पाय बघणाऱ्या शिक्षकाचा, ॲपचा नाही. आणि पहिली जोडी पायाला लावून, शिक्षकाला दाखवून घ्यायची असते. सुरुवातीचे काही महिने तर दोन्ही हातांनी दांडी धरून, वर्गाच्या शेवटी काही मिनिटं, एवढंच.

आता मेसेजमधले दोन प्रश्न. आमच्या गल्लीतल्याच एकीने विचारलंय की मी तेविसाची आहे, आता शिकता येईल का? येईल, मोठेही शिकतात, पण आधी काही वर्षं साधा बॅले, मऊ चपलेत. दुसरा प्रश्न, शूज परत केले का? नाही. परत करायची मुदत उलटून गेली होती. ते माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेत. भाचीचा घोटा बरा झाला, क्लास सुरू झाला. तिच्या ताईंनी, म्हणजे गुरूंनी, तिला रोज ओट्याला धरून वीस वेळा चवड्यावर जायला सांगितलंय, अनवाणी. परवा व्हिडिओ कॉलवर ती मोजत होती आणि मलाही फोन टेकवून उभं केलं. बारा झाल्यावर माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. ती म्हणाली, "मामा, खाली सावकाश ये, आपटू नको."

पुढच्या रविवारी भेटू. बाय.